मठांचीं दप्तरें



आजच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मी आपणांपुढें जुन्या कागदांविषयीं चार शब्द बोलणार आहें.

पोर्तुगाल सरकारनें ३० मे १८३४ च्या हुकुमानें संन्याशांचे सर्व मठ मोडले. १८३५ सालीं तीच पाळी गोव्यावर आली. स्त्रियांच्या मठांत नवी भरती बंद झाली व शेवटची मठवासिनी निवर्तेपर्यंतच ते मठ उरले. इमारती व जमिनी सरकारजमा झाल्या. परंतु पुष्कळ मठांचीं दप्तरें लिस्बन येथील ‘तोर्रे दो तोंबो’ ह्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत सुरक्षित राहिलीं. ह्याच दप्तरखान्याचा बुरूज १७५५ च्या भूकंपांत कोसळला होता. तेव्हां वृद्ध दप्तरदार मानुएल दा माइया ह्यांनीं ढिगाऱ्यांतून कागद वांचविले.

जप्ती करणारास खंडाचा व मालकीचा पुरावा हवा होता. परंतु त्याच दप्तरांत व्रत घेणाराचें नांव, दात्याची देणगी आणि मृतासाठीं नेमलेली मिस्साही नमूद होती. धन गेलें, नांवें राहिलीं.

आपल्या वसईंतही १७३९ पर्यंत फ्रान्सिस्कन, जेजुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन ह्यांचे मठ होते. आज किल्ल्यांत त्यांच्या भिंती दिसतात. पण भिंत नांव सांगत नाहीं, कागद सांगतो.

म्हणून माझी विनंती एवढीच, कीं आपल्या देवळांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या वह्या वाळवीपासून व ओलीपासून जपा. तेथें आपल्या वाडवडिलांचीं नांवें आहेत. तीं राखणें हेंही त्यांच्यासाठीं केलेल्या प्रार्थनेचेंच अंग होय.