सलग दोन मीटर

(पुण्यातील एका नागरिक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

मित्रमैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या महापालिकेच्या अधिकारी मंडळींनो,

माझ्या आधी सहा जण बोलले. त्यातल्या पाच जणांनी पुणं एके काळी सायकलींचं शहर कसं होतं ते रंगवून सांगितलं. तासावर मिळणारी भाड्याची सायकल, दांडीखालून पाय घालून मारलेलं हाफ पायडल, डबलसीट पकडल्यावर हवालदारानं सोडलेली चाकातली हवा, सायकलीचा बिल्ला, डायनॅमोचा दिवा. सभागृह खूश झालं, टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्यांच्या विरोधात बोलायला उभी आहे.

आठवणी माझ्याकडेही आहेत. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. आम्ही रास्ता पेठेत राहायचो. संगम पूल ओलांडून वाकडेवाडीवरून ते रोज सायकलनं जात आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत येत. कारखाना सुटला की रस्ताभर सायकलीच सायकली असत. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग नव्हता, कारण अख्खा रस्ताच त्यांचा होता. तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. कुठल्याही सभेत तसा ठराव झाला नाही. रुंदीकरण झालं, दुभाजक आले, उड्डाणपूल आले, दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या, आणि एक दिवस सायकलवाल्याला पाय टेकवायला जागा उरली नाही. हे आपल्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा आपण बोललो नाही. नंतर त्यावर ललितलेख लिहिले, दिवाळी अंकात छापले, मानधनही घेतलं. मीही घेतलं आहे. म्हणून आज मागणं आहे ते हे, की सायकलीची आठवण काढणं थांबवू या आणि सायकलीची जागा मागू या.

आपण भाषेची माणसं आहोत, म्हणून भाषेतलाच पुरावा देते. सायकल आली तेव्हा मराठीनं तिला ‘पायगाडी’ म्हटलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. आपल्याकडच्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकल विकण्यादुरुस्त करण्यातून झाली. पण ‘पायगाडी’ हा शब्द गेला. त्यानंतर आलेला ‘दुचाकी’ हा शब्द मोटारसायकलनं आणि स्कूटरनं घेतला. आज बातमीत ‘दुचाकीस्वार ठार’ असं वाचलं की कुणाच्याही मनात सायकलवाला येत नाही. रस्त्यावरून हद्दपार झालेल्या माणसाला आपण शब्दातूनही बाहेर काढलं आहे.

पण तो माणूस गेलेला नाही. पहाटे साडेपाचला सिंहगड रस्त्यावर उभे राहा, रात्री अकराला हडपसरच्या कडेला उभे राहा. रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, दुधाच्या पिशव्या हँडलला अडकवलेला मुलगा, पेपर टाकणारी पोरं, कॅरिअरला डबा बांधलेला बांधकामावरचा मजूर, हे सगळे तिथं दिसतील. माणसं कामावर कशी जातात हा प्रश्न २०११च्या जनगणनेत विचारला गेला. शेती आणि घरगुती उद्योगांबाहेरच्या कामगारांपैकी देशात सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जात होते आणि त्याहून कितीतरी जास्त पायी. ही माणसं सभेला येत नाहीत, वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाहीत. म्हणून सायकल मार्गाचा विषय निघाला की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हेल्मेट घातलेला रविवारचा हौशी सायकलपटू येतो, आणि मग मार्ग निघतो तो बागेत, नदीकाठी, तळ्याकाठी.

पवईचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. तिथं मुंबई महापालिकेनं तलावाच्या काठावर सायकल मार्ग बांधायला घेतला. २०२२ साली उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. सायकलीच्या नावानं पाणथळ जागेत भराव टाकणं हा सायकलीचाच अपमान होता, आणि तो निकाल योग्य होता असं मी सायकलवाल्यांच्या बाजूनं म्हणते. त्याच मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, जिथं हजारो माणसं नोकरीला येतात, तिथं सायकल मार्ग आधी बांधले आणि पुढे तेच काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. म्हणजे तळ्यात रस्ता बांधायची तयारी आहे, पण मोटारीच्या जागेतला एक फूट द्यायची नाही. सगळं भांडण या एका फुटाचं आहे.

आता पुण्याकडे येते, कारण आरोप करायचा तर घरातून सुरुवात करावी. २००६च्या डिसेंबरात देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, इथं कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली, आणि त्या रस्त्यांच्या कडेनं सायकल मार्गही झाले. त्याच वर्षी केंद्रानं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणलं. त्याचा गाभा एवढाच होता की रस्त्याची आखणी वाहनांसाठी नको, माणसांसाठी हवी. २०१७च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे सव्वाआठशे किलोमीटरचं जाळं आखलेलं होतं. लोकांच्या सूचना घेतल्या होत्या, रस्त्यांची पाहणी झाली होती. तो आराखडा मी वाचला आहे आणि तो चांगला आहे, हे पहिल्या रांगेतल्या मंडळींना मुद्दाम सांगते. आपल्याकडे अकलेची टंचाई नव्हती. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलींची योजनाही आली. चारचार कंपन्यांच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि दोन वर्षांच्या आत दिसेनाशा झाल्या. लोकांनी सायकली मोडल्या, चोरल्या, असं कारण सांगितलं जातं. ते काही अंशी खरंही आहे. पण सायकल आधी आणि वाट नंतर, असा उलटा क्रम लावल्यावर दुसरं काय होणार होतं?

सायकल मार्ग म्हणून जे बांधलं जातं ते आतून कसं असतं, ते मी सांगते. गेल्या महिन्यात मी माझ्या घराजवळच्या एका मोठ्या रस्त्यावर सायकल घेऊन गेले. माझं वय अडुसष्ट आहे, गुडघे अजून साथ देतात. तीन किलोमीटरच्या मार्गात मला एकोणीस वेळा उतरावं लागलं. सुरुवातीलाच विजेची डीपी. पुढे बसथांब्याची शेड नेमकी मार्गावर. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी मार्ग खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, म्हणजे दर पन्नास पावलांना कंबरेला हिसका. पेव्हर ब्लॉक खचलेले. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्याच दिशेनं बसवलेल्या, पुढचं चाक अडकलं की माणूस तोंडावर आपटलाच. दुकानांसमोर मोटारी उभ्या, आणि मार्गाच्या तोंडाशी खांब असे, की सायकलीचं हँडल अडकावं आणि शेजारच्या फटीतून स्कूटर आरामात आत यावी. आणि हे सगळं पार करून चौकात पोचलं की मार्ग संपतो. जिथं वळणाऱ्या बसचा आणि ट्रकचा धोका सगळ्यात मोठा, नेमका तिथंच आधार काढून घेतलेला. चौकाच्या पलीकडे पुन्हा तो लाल-निळा पट्टा सुरू. ते मधले पन्नास मीटर सायकलवाल्यानं जीव मुठीत धरून पार करायचे.

मग सांगितलं जातं, सायकल मार्ग कुणी वापरत नाही. रेल्वेचा रूळ दर शंभर मीटरवर कापून ठेवा आणि मग मोजा गाड्या किती धावतात ते. तुकड्यातुकड्यांचा मार्ग दहा किलोमीटर असला तरी त्याचा उपयोग शून्य. सलग असलेला दोन किलोमीटरचा मार्ग, एका वस्तीपासून एका शाळेपर्यंत, रोज तीनशे मुलांना नेऊ शकतो. कंत्राटात किलोमीटर मोजले जातात, सलगता मोजली जात नाही. ज्या दिवशी बिल काढण्याआधी संबंधित अभियंत्याला तो मार्ग एकदाही न उतरता सायकलवरून पार करून दाखवावा लागेल, त्या दिवशी निम्मे दोष आपोआप नाहीसे होतील. हसू नका. ही माझी औपचारिक मागणी आहे, ती इतिवृत्तात लिहून घ्या.

रस्ते अरुंद आहेत, जागा कुठून आणायची, असं विचारतात. पेठांमधल्या गल्ल्यांत वेगळा मार्ग मी मागतच नाही. तिथं वाहनांचा वेग ताशी वीस-पंचवीसवर आणा, सायकल आपली आपण चालेल. पण मोठ्या रस्त्यांवर जागा आहे आणि ती कुठं आहे हे सगळ्यांना दिसतं. एक मोटार उभी राहायला दहा-बारा चौरस मीटर लागतात. तेवढ्यात आठ सायकली सहज लागतात. ती मोटार दिवसभर तिथं फुकट उभी असते. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण २०१८ साली सभेत मंजूर झालं, आणि ते कागदावरच ठेवलं गेलं. सार्वजनिक रस्त्याच्या दोन कडा आपण खासगी गाड्यांना आंदण दिल्या आहेत. त्यातली एक कड परत घेतली तर सलग दोन मीटरचा मार्ग तयार होतो. भूसंपादन नको, पूल नको, परदेशी सल्लागार नको.

पैसा नाही असं कृपा करून म्हणू नका. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला, चांदणी चौकातला पूल २०२२ साली स्फोटकं लावून पाडला. गरज असेल म्हणून पाडले असतील. पण पूल बांधायला, पाडायला आणि पुन्हा बांधायला ज्या शहराकडे पैसा आहे, त्याच्याकडे कठडा आणि रंग यांच्यासाठी पैसा नाही हे मी मान्य करणार नाही. सायकल मार्गांसाठी अंदाजपत्रकात जी रक्कम ठेवाल तिला वर्षअखेरीस वर्गीकरणाचा, म्हणजे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा, हात लागता कामा नये, एवढा एक ठराव करून दाखवा.

शहराबाहेरचंही बोलायला हवं. आपल्या सरकारनं मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना. ही योजना मला फार मोलाची वाटते. बिहारनं २००६ साली असंच केलं. तिथल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. सायकल मुलीचं शिक्षण वाचवते, तिचं लग्न पुढे ढकलते. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीन वर्षं शिकवलं. माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या दिवशी सायकल घेऊन आली तेव्हा तिनं हँडलला झेंडूची माळ घातली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर गावाजवळचा रस्ता मोठा झाला, उसाचे ट्रॅक्टर आणि डंपर भरधाव जायला लागले, आणि तिच्या वडिलांनी सायकल माळ्यावर टाकली. मला ते म्हणाले, “बाई, शाळा बुडली तर बुडू द्या, पोरगी तर राहील.” त्या बापाला मी काय उत्तर देणार होते? सरकारनं सायकल दिली होती. साइडपट्टीवर तीन फूट सुरक्षित वाट दिली नव्हती. ती मुलगी दहावीला बसली नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. रोजची चारशे साठहून जास्त. आपण त्याला अपघात म्हणतो, जणू आभाळातून पडलेली गोष्ट आहे. नेदरलँड्सचं नाव घेतलं की लोक म्हणतात, त्यांच्या रक्तातच सायकल आहे. खोटं आहे. साठच्या दशकात तिथंही मोटारींसाठी रस्ते मोकळे करणं चालू होतं. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे ३३०० माणसं रस्त्यांवर मेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, बालहत्या थांबवा अशी सरळ घोषणा त्यांनी दिली. आज दिसणारे मार्ग त्या संतापातून झाले. आपल्याकडे मुलं मेल्यावर चौकात फलक लागतो, दोन दिवस फुलं राहतात, आणि आठवड्यात तिथंच पुन्हा मोटार उभी राहते.

समोर लेखक बसले आहेत, शिक्षक बसले आहेत. पहिल्या रांगेतल्या मंडळींवर मी आवाज चढवला, पण त्यांच्याइतकीच माझी तक्रार तुमच्यावर आहे. तुमच्या सोसायटीसमोर सायकल मार्ग आखला तेव्हा गाड्या कुठं लावायच्या म्हणून सह्यांचं निवेदन कुणी दिलं? आपणच दिलं. मुलांना कोपऱ्यावरच्या क्लासला स्कूटरवरून कोण सोडतं? आपणच. आणि रस्त्यावर गर्दी फार झाली म्हणून लेख लिहिणारेही आपणच. आपल्या मोटारीची जागा सोडायची तयारी नसेल तर सायकलीवर कविता करू नका, ही माझी विनंती नाही, अपेक्षा आहे.

महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या भागातली कामं लेखी सुचवता येतात. मी एका रस्त्याचं काम सुचवणार आहे. आमच्या वस्तीपासून महापालिकेच्या शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना सलग दोन मीटर, तीन चौकांतून न तुटता, वाटेतल्या डीपी हलवून, गटाराच्या जाळ्या फिरवून बसवून. अर्ज तयार आहे, प्रवेशद्वारापाशी टेबलावर ठेवला आहे. पहिली सही माझी आहे. दुसऱ्या सहीची जागा मी आमच्या इमारतीच्या वॉचमनसाठी ठेवली आहे, तो आज पाळी असल्यामुळे आला नाही. तिसरीपासून पुढच्या जागा तुमच्या. सोमवारी साडेअकराला मी क्षेत्रीय कार्यालयात तो अर्ज घेऊन जाणार आहे, सायकलनं. ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी दहा वाजता शाळेच्या फाटकापाशी यावं, आणि घरी सायकल असेल तर आज रात्रीच तिच्यात हवा भरून ठेवावी.