चाचणीनंतर काय?



या परिषदेचे अध्यक्षपद दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. कोविडच्या काळात कामावर असताना जे गेले, त्या सर्वांना प्रथम अभिवादन करतो. त्यांत डॉक्टर होते, तसे वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगारही होते.

आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. साथ आली की शहर नागरिकाला सांगते, पुढे या, तपासून घ्या. नागरिक विचारतो, "आणि निघाला आजार, तर पुढे काय?" या प्रश्नाला महापालिकेकडे काय उत्तर आहे, यावर लोक पुढे येणार की आजार लपवणार, हे ठरते.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. त्यानंतर सरकारकडे उत्तर एकच होते, सक्तीचे. घरझडत्या झाल्या, रुग्णांना उचलून नेले गेले, सामान जाळले गेले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली आणि घरोघरी रुग्ण दडवले जाऊ लागले. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुण्यात झडत्यांचा संताप प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेला. वास्तविक शास्त्र मागे पडले नव्हते. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. पण झडतीला आलेल्या गोऱ्या सोजिरामागून येणारी सुई लोकांना औषध वाटेना. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मात्र पुण्याजवळ आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सक्ती आणि सेवा, दोन्ही वाटा तेव्हाच आपल्यासमोर होत्या.

आर्थर रोडचे ते इस्पितळ म्हणजे आजचे कस्तुरबा रुग्णालय. ११ मार्च २०२० रोजी मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण नोंदले गेले, तेव्हा शहराची चाचणीची सारी भिस्त कस्तुरबाच्या प्रयोगशाळेवर होती. पहिल्या दोन महिन्यांत आपले उत्तर तोकडे पडले, हे मान्य करू या. अहवाल हातात घेऊन नातेवाईक या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरत होते आणि खाट मिळत नव्हती. अशा वेळी चाचणी करून घ्यायला कोण राजी होईल?

बदल झाला तो विकेंद्रीकरणाने. जून २०२० पासून चोवीसही वॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे येत, वॉर्डनिहाय वाटले जात आणि वॉर्डातून रुग्णाला फोन जाई. अहवाल रुग्णाला थेट का देत नाही, यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्या फोनने मोठे काम केले. वॉर्ड कार्यालयातले एक लांब टेबल, त्यावर पाच-सहा फोन, आणि फोनवर शिकाऊ डॉक्टर किंवा महापालिका शाळेतल्या बाई. त्या विचारत, "ताप किती आहे? दम लागतो का? घरात माणसं किती? संडास घरातला की बाहेरचा?" शेवटचा प्रश्न कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात नाही. पण रुग्णाला घरीच ठेवायचे की केंद्रात हलवायचे, हे मुंबईत बऱ्याचदा त्याच्याच उत्तरावर ठरे.

धारावीतही मुद्दा हाच होता. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. घरात वेगळे राहा, हा सल्ला तिथे थट्टाच ठरला असता. म्हणून महापालिकेने शाळा, क्रीडासंकुल, मंगल कार्यालये ताब्यात घेतली. शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली. वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर पीपीई घालून ताप-तपासणी शिबिरांत बसले. लोकांना चेहरा ओळखीचा दिसला. विलगीकरण केंद्रात जेवण मिळे आणि रमजानमध्ये रोजेदारांच्या वेळा पाळल्या जात. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ रोखल्याचे उदाहरण म्हणून धारावीचे नाव घेतले, त्याचा आपल्याला अभिमान आहे.

पण अभिमानाला दुसरी बाजूही आहे. त्याच जुलैत तीन वॉर्डांत झालेल्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के. म्हणजे आपल्या चाचण्यांच्या नजरेतून लाखो संसर्ग निसटले होते. साथीने गरीब-श्रीमंत पाहिले नाही, असे आपण भाषणांतून म्हणत होतो. रक्ताचे नमुने वेगळेच सांगत होते.

आकड्यांची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. जून २०२० मध्ये मुंबईच्या मृत्यूंच्या यादीत ८६२ नावे एकदम मिळवावी लागली. नोंदी वेळेवर जुळल्या नाहीत, असे स्पष्टीकरण आले. उशिरा का होईना, आकडे दुरुस्त केले हे बरे झाले. पण अशी दुरुस्ती फिरून करावी लागली, तर लोक खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

दुसऱ्या लाटेत ४ एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात ११,१६३ रुग्ण नोंदले गेले. १६ एप्रिलच्या रात्री ऑक्सिजन कमी पडू लागल्याने महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण रातोरात हलवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थापनाचे कौतुक केले, ते ऐकताना त्या रात्री जागलेल्यांना काय वाटले असेल, हे या सभागृहातले अनेकजण सांगू शकतील.

आता लसीकरण. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. आणि इथे आपण पुन्हा चुकीच्या दारातून शिरलो. नोंदणी मोबाइलवर, वेळ मिळणार ती बोटे चपळ असणाऱ्यांना. एका केंद्रावर धुणीभांडी करणारी एक बाई मला म्हणाली, "डॉक्टर, ओटीपी येतो पोराच्या फोनवर, आणि पोरगा फोन घेऊन कामाला जातो." तिला लसीची भीती नव्हती, अफवेवर विश्वास नव्हता. तिला लस हवी होती. अशा माणसांची गणना आपण सर्रास 'लस नाकारणाऱ्यां'त करत होतो! अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन लस द्यायला जुलै २०२१ च्या अखेरीस सुरुवात झाली, तीही उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर. त्याच वर्षी उन्हाळ्यात एका गृहसंकुलात बनावट लसीकरण शिबिर झाले. सरकारी रांग हलत नाही म्हटल्यावर भामटे दुकान मांडणारच.

आरोग्यसेविका थेट घरी जाऊ लागल्या, नोंदणीशिवाय केंद्रावर यायची मुभा मिळाली, तेव्हा चित्र पालटले. ७ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत २०,९७१ रुग्ण नोंदले गेले, म्हणजे आधीच्या शिखराच्या जवळपास दुप्पट. तरीही बहुतेकांना रुग्णालयाची गरज पडली नाही. त्या लाटेतला ओमायक्रॉन हा विषाणूचा प्रकार तुलनेने सौम्य होता, हे खरे. पण लस दंडात गेलेली होती, हेही तितकेच खरे.

मित्रहो, साथीसाठी उभारलेली जम्बो कोविड केंद्रे उठली, वॉर रूमचे फोन बंद झाले. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि तहान भागली की बुजवायची, ही आपली रीत आहे. ती मोडण्यासाठी परिषदेसमोर चार मागण्या ठेवतो. वॉर्ड पातळीवरचा साथनियंत्रण कक्ष, छोटा का होईना, बारमाही चालावा. डेंग्यू, लेप्टो, क्षय असताना त्याला कामाची वाण पडणार नाही. मानधनावर राबणाऱ्या आरोग्यसेविकांना नियमित वेतन आणि निवृत्तिवेतन मिळावे, कारण नागरिकाच्या प्रश्नाला उंबऱ्यावर उत्तर देतात त्या. महापालिकेचे सगळेच दवाखाने संध्याकाळीही उघडे असावेत, म्हणजे रोजंदारी बुडवून तपासणीला यावे लागणार नाही. आणि मृत्यूंचे, चाचण्यांचे, लसीकरणाचे वॉर्डनिहाय आकडे ठरल्या दिवशी जाहीर व्हावेत, मग ते सोयीचे असोत की गैरसोयीचे.

यातली एकही मागणी नव्या यंत्राची नाही. यंत्रे साथ आली की विकत मिळतात, आपण ती मिळवलीही. ओळखीची माणसे, चालता दवाखाना आणि खरा आकडा ऐनवेळी बाजारात मिळत नाही. उद्याच्या सत्रात या चारही मागण्या ठरावाच्या रूपाने येतील. त्यावर कडाडून चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण त्या मंजूर करून अर्थसंकल्पाच्या आधी आयुक्तांच्या टेबलावर पोहोचवा, एवढीच अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे.