टेकडीवरची बॅटरी

हट्ट्याच्या प्रसिद्ध बावडीत पाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात; बिनतारी संदेशाला मात्र उंची हवी. पोलिसांच्या वा हौशी बिनतारीच्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून बालाघाटसारख्या डोंगराळ जिल्ह्यात संदेश झेलून दुसऱ्या कंप्रतेवर पुढे धाडणारा रिपीटर टेकडीवर बसवावा लागतो. वादळात विजेची तार तुटते, आणि मदतीची हाक नेमकी तेव्हाच मारायची असते.

मग सारी भिस्त बॅटरीवर. समजा, ऐकताना यंत्र अर्धा अँपिअर घेते, बोलताना आठ. दहा तासांत एक तास बोलणे धरले, तर सरासरी सव्वा अँपिअर पडते. 100 अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणे इष्ट. म्हणजे 40 तास. तेही कागदावर! 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, आणि आपण तिला वैशाखात पत्र्याच्या खोलीत कोंडतो. महागडे यंत्र घेणारे सावलीपुरता खर्च करताना का कचरतात, हे कोडे मला उलगडलेले नाही.

12 व्होल्टची बॅटरी विश्रांतीत 12.2 वर आली, की ती अर्धी रिती झाली असे समजावे. मृगापूर्वी कोणी तरी टेकडी चढून एवढे पाहून यावे.