परमुलुखांतील मिळकत व घरचा हिशेब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील पिढ्यांचें स्मरण करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु समितीनें आमच्याकडे सोंपविलेला विषय स्मरणाचा नसून हिशेबाचा आहे. परदेशीं नोकरी करणारानें महिन्याच्या ठरीव पगारांत काटकसरीनें कसें राहावें, याविषयीं चार शब्द बोला, अशी आज्ञा झाली. उत्सवाच्या दिवशीं पैशाअडक्याची गोष्ट कांहींशी रुक्ष वाटेल. पण या मंडपांत बसलेल्या किती कुटुंबांची चूल आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर पेटते, हें आपणांस ठाऊक आहे. आम्हीही दुबईंत बरींच वर्षें काढून परत आलेल्यांपैकीं आहों. म्हणून जें बोलूं तें पाहिलेलें व मोजलेलेंच बोलूं.

आपल्या वसईच्या वाडवडिलांस काटकसर कोणी शिकवावी लागली नाहीं. पहांटेच्या गाडीनें भाजी, फुलें, केळीं घेऊन मुंबईस जावें, विक्री करावी आणि संध्याकाळीं घरीं येऊन कमरेची पिशवी घरधनिणीपुढें मोकळी करावी, असा त्यांचा क्रम होता. मिळविणारा व खर्च करणारी एकाच दिव्याच्या उजेडांत बसून हिशेब करीत. १९१८ सालीं वसईच्या कॅथॉलिक समाजानें सहकारी पतसंस्था काढली, तीच पुढें वाढून आजची बसीन कॅथॉलिक बँक झाली. तिच्या मुळाशींही हीच मोजून खर्च करण्याची संवय होती. परदेशच्या नोकरीनें ही मांडणी मोडली. मिळविणारा एका देशांत, खर्च करणारे दुसऱ्या देशांत, आणि दोघांच्या मध्यें समुद्र. मिळविणारास घरचा खर्च दिसत नाहीं. घरच्यांस त्याचे कष्ट दिसत नाहींत. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें सारें या एका गोष्टींतून निघतें.

एके काळीं आखातांत व आपल्याकडे नाणेंही एकच होतें. दुबई, अबुधाबी, बहारीन या प्रदेशांत आपला रुपया चालत असे. १९५९ सालीं भारताच्या रिझर्व्ह बँकेनें त्या भागासाठीं निराळ्या गल्फ रुपयाच्या नोटा काढल्या. १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन झालें आणि तो व्यवहार संपत गेला. १९७३ पासून दुबईंत दिरहम चालतो, व १९९७ पासून त्याची डॉलरशीं ३.६७२५ या भावानें गांठ घातलेली आहे. रुपया खालीं आला कीं आपल्याकडे दिरहम महाग होतो. येथूनच पहिला भ्रम सुरू होतो.

हा भ्रम असा. समजा, एका तरुणास दुबईंत महिना ३,००० दिरहम पगार मिळाला. हिशेबाच्या सोयीसाठीं दिरहमाचा भाव २४ रुपये धरूं. गांवांत वार्ता पसरते कीं, अमक्याच्या मुलास ७२,००० रुपये पगार! पगारावर तेथें प्राप्तिकर नाहीं, हेंही खरें. पण पगार रुपयांत मोजणारे लोक खर्च दिरहमांत मोजावयास विसरतात. मालकानें राहण्याची जागा दिली नसेल, तर त्याचा महिना कसा जातो तें पाहा. देरा किंवा करामा भागांत एका खोलींतील एका खाटेचें, ज्यास तेथें बेडस्पेस म्हणतात, त्याचें भाडें ८०० धरा. सामायिक मेसचा शिधा ६००. मेट्रो व बसचें भाडें २५०. फोन १००. साबण, कपडे, केशकर्तन, किरकोळ औषध १५०. अडीअडचणीसाठीं तेथेंच जवळ ठेवावयाचे २००. एकूण २,१०० झाले. उरले ९०० दिरहम, म्हणजे २१,६०० रुपये. गांवानें ७२,००० ऐकले. वस्तुतः आहेत २१,६००. या दोन आंकड्यांमधील अंतर ज्या घरास कळलें, त्या घराचें निम्में कल्याण झालें.

त्यांतही पहिल्या वर्षाचा पैसा पुष्कळदां आपला नसतोच. एजंटास देण्यासाठीं दीड लाख रुपये दरमहा शेंकडा तीन व्याजानें काढले, तर नुसतें व्याज महिना ४,५०० रुपये होतें. भारतीय नियमांप्रमाणें परवानाधारक एजंटास करांखेरीज ३०,००० रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेतां येत नाहीं, आणि संयुक्त अरब अमिरातींच्या कायद्यानें भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मालकास मनाई आहे. हें माहीत नसल्यामुळें कित्येक तरुण विमानांत बसण्यापूर्वींच वर्षभराची शिल्लक गमावून बसतात. तेव्हां काटकसरीचा पहिला धडा दुबईंत नसून येथेंच, एजंटाच्या टेबलापुढें आहे.

तेथें गेल्यावर काटकसर म्हणजे उपास नव्हे. चौघांनीं मिळून मेस चालवावी, पाळीपाळीनें रांधावें, तांदूळ व डाळ महिन्याची एकदम आणावी. खुबूस स्वस्त असतो. पापलेट व हमूर यांच्यापेक्षां बांगडा व तारली परवडते. आणि वसईच्या माणसास कालवणाचा वास आला कीं अर्धा परदेश विसरतो. खरी गळती लहान छिद्रांतून होते. दिवसांतून तीन वेळां एकेका दिरहमाचा चहा आणि दोन दिरहमांची पाण्याची बाटली घेतली, तर महिन्याचे १५० दिरहम गेले. पाणी बरोबर न्यावें, चहाची थर्मास भरावी. यांत कमीपणा कांहीं नाहीं. घरीं पैसे पाठवितांना दर वेळीं २० दिरहम फी पडते असें धरलें, तर महिन्यांतून चार वेळां पाठविणारा एकदांच पाठविणाऱ्यापेक्षां वर्षाकांठीं ७२० दिरहम अधिक देतो. जेथें फी मुळींच नाहीं असें सांगतात, तेथें दिरहमाचा भाव पाहावा. फी न घेणारा बहुधा भावांत कापतो.

क्रेडिट कार्ड व बँकेचें कर्ज यांविषयीं एकच शब्द पुरे. कर्ज थकलें तर न्यायालय देश सोडण्यास बंदी करूं शकतें. जो परत येण्यासाठीं गेला, त्यानें आपल्या परतीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं कां द्यावी?

काटकसरीस एक मर्यादाही आहे, आणि ती आम्ही मोठ्यानें सांगूं इच्छितों. देह झिजवून वांचविलेला पैसा दवाखाना व्याजासह परत घेतो. १ जानेवारी २०२५ पासून अमिरातींतील सर्व राज्यांत खाजगी नोकरांचा आरोग्यविमा काढणें मालकांस बंधनकारक झालें आहे. तें कार्ड पेटींत ठेवण्यासाठीं नाहीं. जागेची गोष्ट याहून गंभीर आहे. शंभर दिरहम वांचतात म्हणून फळ्या ठोकून पाडलेल्या कोंदट भागांत, जिन्यावर सामान रचलेल्या इमारतींत राहूं नये. १२ जून २०२४ रोजीं कुवेतच्या मंगाफ भागांत कामगारांच्या इमारतीस आग लागली आणि चाळीसांहून अधिक भारतीय प्राणांस मुकले. ते सर्व कोणाच्या तरी घरासाठीं पैसा पाठविणारे होते. दाटीच्या जागेंत वांचलेला दिरहम हा नफा नव्हे. ती जिवाची पैज आहे. तसेंच, ज्यांस परदेशगमनासाठीं सरकारी मंजुरी लागते अशा कामगारांसाठीं प्रवासी भारतीय विमा योजना आहे. अपघाती मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात व दोन वर्षांचा हप्ता करांखेरीज २७५ रुपये आहे. हा खर्च टाळणें म्हणजे काटकसर नव्हे.

आतां या समुद्राच्या आपल्या बाजूस येऊं. कारण आमच्या मतें खरी कसोटी येथेंच आहे. तेथील मुलगा एका खाटेवर राहतो, आणि येथें घरावर दुसरा मजला चढतो. तो पाणी घरून भरून नेतो, आणि येथें लग्नांत चार दिवस मांडव भरभरून वाहतो. यांत घरच्यांचा दुष्टावा नसतो. त्यांस वाटतें, पोर सुखी आहे, पैसा येतोच आहे. आणि मुलगाही फोनवर आपल्या खाटेविषयीं बोलत नाहीं. दोघेही एकमेकांस जपण्यासाठीं खरें लपवितात, आणि त्या प्रेमळ मौनांतच घरचा हिशेब बुडतो.

याचा परिणाम रुपयांत नव्हे, आयुष्यांत मोजावा लागतो. समजा, त्या तरुणाचें कर्ज फिटलें आहे, घरची बागायत घरापुरती आहे, आणि बारा लाख रुपये सांठले कीं परत येऊन लहानसा धंदा करावयाचा, असा त्याचा बेत आहे. महिन्यास २१,६०० रुपये शिल्लक पडली तर हें काम ५६ महिन्यांत, म्हणजे पावणेपांच वर्षांच्या आंत होतें. परंतु घरच्या वरखर्चासाठीं, नव्या फटफटीचा हप्ता, मोठा टीव्ही, बारशाची मेजवानी यांसाठीं त्यांतले ७,२०० रुपये दरमहा गेले, तर शिल्लक १४,४०० राहते आणि तोच बेत ८४ महिन्यांवर, म्हणजे सात वर्षांवर जातो. दोहोंतील फरक अठ्ठावीस महिने! त्या वरखर्चाची खरी किंमत ही. अठ्ठावीस महिने मुलांनीं बापाविना शाळेंत जावें, म्हाताऱ्या आईनें वाट पाहावी, पत्नीनें दोघांचा भार एकटीनें वाहावा. परिचारिका म्हणून गेलेल्या आपल्या भगिनींच्या बाबतींत तर लहानग्यांस आईविना राहावें लागतें. दुकानदार ही किंमत पावतीवर लिहीत नाहीं.

आमच्या खोलीवर एक वयस्क सोबती होते. त्यांनीं बावीस वर्षें पै-पै घरीं पाठविली. परत आले तेव्हां घर मोठें होतें, पण त्यांच्या नांवावर चार महिने पुरेल इतकीही रक्कम नव्हती; साठीच्या उंबरठ्यावर त्यांस पुन्हां नोकरी शोधावी लागली. त्यांच्या इतका काटकसरी मनुष्य आम्हीं पाहिला नाहीं. पण ती काटकसर एकट्याची होती, घराची नव्हती.

म्हणून आमची सूचना अशी आहे. जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: कशासाठीं जावयाचें, किती रक्कम सांठवावयाची, आणि केव्हां परत यावयाचें. बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अंदाज करतो, हा प्रभूनें दिलेला दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. परदेशची नोकरी हाही एक बुरूजच आहे. मग पगाराच्या दिवशींच, खर्चास हात लावण्यापूर्वीं, पैशाचे भाग करावे. भारतांत दोन खातीं असावीं. एक घरखर्चाचें, त्याचें कार्ड घरीं. दुसरें संचिताचें, एनआरई प्रकारचें, ज्याच्या व्याजावर परदेशस्थ असेपर्यंत येथें प्राप्तिकर पडत नाहीं. त्यास कागदावर लिहिलेल्या कामाखेरीज कोणीं हात लावूं नये. आणि दर महिन्यास जसा मुलगा आपला हिशेब घरीं पाठवितो, तसा घरच्यांनींही आपला हिशेब त्यास पाठवावा. हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. वाडवडील एका दिव्याजवळ बसत. आपण दोन दिव्यांजवळ बसून तेंच करावयाचें.

करार हातीं येतांच मूळ पगाराचा आंकडा पाहावा. अमिरातींत नोकरीच्या शेवटीं मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ मूळ पगारावर असते: पहिल्या पांच वर्षांत दर वर्षास एकवीस दिवसांचा, पुढें तीस दिवसांचा पगार. ३,००० पैकीं मूळ पगार १,८०० असेल, तर पांच वर्षांचे ६,३०० दिरहम होतात. ही रक्कम परतीनंतरच्या पहिल्या महिन्यांचा शिधा समजावी. विमानतळावरील सोन्याच्या दुकानासाठीं नव्हे.

आणि परतीचा दिवस नेहमींच आपण ठरवूं तो येत नाहीं. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेत व्यापलें, तेव्हां लाखाहून अधिक भारतीयांस विमानांनीं मायदेशीं आणावें लागलें. २०२० च्या साथींत पुन्हां आखातांतून माणसें नोकऱ्या गमावून परतलीं. ज्या घरांत सहा महिन्यांचा खर्च शिलकेंत होता तें घर डगमगलें नाहीं. ज्या घरांत नव्हता, तेथें मुलगा दारांत आला याचा आनंदही चिंतेनें झांकोळला. आपलें माणूस घरीं आलें असतां घराच्या तोंडून पहिला प्रश्न पैशाचा निघावा, याहून मोठें दारिद्र्य आम्हांस दिसत नाहीं.

बंधुभगिनींनो, पुढील महोत्सवास या मंडपांत आज परदेशीं असलेलीं आपलीं माणसें आपल्या शेजारीं बसलेलीं असावीं, अशी आमची इच्छा आहे. ती पुरी करणें पुष्कळसें आपल्याच हातीं आहे. आज रात्रीं घरीं गेल्यावर त्यांस फोन करा; किती पाठविलेस हें विचारण्यापूर्वीं, कसा राहतोस, काय जेवतोस, हें विचारा, आणि घरचा महिन्याचा खर्च त्यांस खरा सांगा. परमेश्वर त्यांस व आपणां सर्वांस सुखरूप ठेवो.