गाथेत नसलेला अभंग

आमच्या घरात नारदीय कीर्तनाची परंपरा आहे. वडील कीर्तनकार, मीही कीर्तनकार. वडिलांचा एक दंडक होता. सिनेमातले काहीही कीर्तनात आणायचे नाही. चाल नाही, संवाद नाही, दाखला तर नाहीच. 'देवाला तिकीट लावणाऱ्यांकडून आपण काय शिकायचे?' असे ते म्हणत आणि मी मान डोलावत असे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तुकाराम बीजेला एका गावात माझे कीर्तन होते. उत्तररंगात तुकोबांचे आख्यान लावले होते. ऐन रंगात 'तुकोबा सांगतात' असे म्हणून मी 'आधी बीज एकले' घेतले. लोकांनी टाळी धरली. आरती झाल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. म्हणाले, ''बुवा, फार गोड म्हटलेत. पण हा अभंग गाथेत कुठे आहे?''

घरी येऊन मी गाथा धुंडाळली. अभंग सापडला नाही. मग एका जाणकार स्नेह्याने खुलासा केला. हे गीत शांताराम आठवले यांचे. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटासाठी त्यांनी ते लिहिले होते. मी खजील झालो. भर कीर्तनात सिनेमाचे गाणे तुकोबांच्या नावावर खपवले होते! खरी गंमत पुढेच आहे. हा अभंग मला शिकवला होता वडिलांनीच.

मी त्यांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, ''इतकी वर्षे डोळे मिटून म्हटला रे मी तो. ते सगळे खोटे झाले का?''

या प्रश्नाने माझी झोप उडवली. मी ते गाणे बंद केले आणि चित्रपट पाहायचे ठरवले. खरे सांगायचे तर दोष काढायलाच बसलो होतो. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे ऐकून होतो. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा मनात भरलेच. पण मला धरून ठेवले ते गौरीबाईंच्या जिजाईने.

मी आख्यानात जिजाई रंगवायचो ती कजाग बायको म्हणून. दोन नकला केल्या की हशा हमखास. पडद्यावरची जिजाईही तोंडाळ आहे. पण तिच्या रागामागे रिकामी चूल आहे, आजारी पोर आहे. ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात जाते आणि पांडुरंगाला जाब विचारते. तो प्रसंग पाहताना मला हसू आले नाही. आमची मुलगी विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी चातुर्मासाच्या कीर्तनांसाठी परगावी होतो. सौ. एकटीने सारे निभावत होती. परत आल्यावर तिने मला एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी पडद्यावरची जिजाई तिच्या वतीने विचारत होती. माझ्या भक्तीची किंमत घरात दुसरेच कोणी मोजत होते. आयुष्यभर तुकोबांचे चरित्र सांगून हे मला उमगले नव्हते. ते एका बोलपटाने दाखवले.

मग नाथ महाराजांची भारुडे नव्याने वाचली. सोळाव्या शतकात नाथांनी अध्यात्म सांगितले ते कोणाच्या तोंडून? वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या. दारोदार फिरणारी, लोकांचे मन रमवणारी ही मंडळी. चावणाऱ्या विंचवातूनही नाथांनी परमार्थ काढला. आज आपण भारुडाला हात जोडतो, पण त्यातली सोंगे त्या काळच्या रस्त्यावरचीच होती. माझ्या काळी रस्त्यावर सिनेमा आहे. त्याकडे पाठ फिरवून मी नाथांचा वारसा कसा सांगणार?

याचा अर्थ काहीही चालेल असा नव्हे. गाजलेल्या गाण्याच्या चालीवर देवाचे नाव बसवले की गर्दी जमते, हे मला ठाऊक आहे. पण तिथे चाल आपली नसते आणि अर्थही आपण शोधलेला नसतो. मी स्वतःला एकच विचारतो. हे मी लोकांना खेचायला घेतो आहे, की यानेच मला खेचले म्हणून घेतो आहे?

वडील गेले त्याच्या आधीच्या बीजेला मी ते गाणे पुन्हा म्हटले. आधी सांगितले, ''हे तुकोबांचे नाही. शांताराम आठवले नावाच्या कवीने सिनेमासाठी लिहिले आहे.'' श्रोत्यांत चुळबूळ झाली. पण एका बीजातून झाड, झाडातून पुन्हा असंख्य बीजे, असा तो विचार पुढे सरकू लागला आणि टाळी आपोआप लागली. वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले होते.

जिजाईची नक्कल मात्र मी सोडली. आता तो प्रसंग आला की थोडा थांबतो. सौ. समोर असेल तर तिच्याकडे पाहतो आणि मग पुढचे सांगतो.