खाणीचा ताळेबंद कोणी मांडायचा?



खाण आणि इतर उद्योग यांत एक मूलभूत भेद आहे. तो विसरला की पुढचा सारा विचार चुकतो. कारखान्याची यंत्रे झिजली तर नवी आणता येतात. शेत दरवर्षी नव्याने पिकते. खाणीतून बाहेर पडलेला टन मात्र कायमचा जातो. खाण ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवसापासून ती संपू लागते. म्हणून तिचे मूल्यमापन करताना नफा किती, एवढेच पाहून भागत नाही. काय संपत आहे, ते कोणाचे आहे आणि ते संपल्यावर मागे काय उरणार, हेही विचारावे लागते. प्रकल्प-अहवालात नफ्याचे आकडे पानोपानी असतात. या तीन प्रश्नांविषयी मात्र तो बहुधा मौन पाळतो. ते मौन वाचता येणे, हे कार्यकर्त्याच्या शिक्षणाचे एक अंग मानले पाहिजे.

अहवालातील पहिला शब्द 'साठा'. जमिनीत ठरावीक अंतरावर ड्रिलिंगची छिद्रे घेतात, त्यांतून निघालेल्या नमुन्यांची तपासणी करतात आणि दोन छिद्रांमधल्या न पाहिलेल्या भूभागाविषयी अनुमान बांधतात. त्या अनुमानाला साठा म्हणतात. छिद्रे विरळ असतील तर अनुमान कच्चे. नमुनेच खोटे असतील तर सारा डोलारा खोटा. इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने सोन्याचा प्रचंड साठा जाहीर केला होता. १९९७ मध्ये उघड झाले की नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. छिद्रे किती, नमुने कोणी तपासले, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक म्हणून तज्ज्ञांवर सोपवून देण्याजोगा नाही.

शिवाय, साठा निसर्गाइतकाच बाजारही ठरवतो. किती टक्के लोह असले म्हणजे मातीला खनिज म्हणायचे, याला 'कट-ऑफ ग्रेड' म्हणतात. भाव चढले की ही रेषा खाली येते. गोव्यात पूर्वी टाकाऊ म्हणून रचलेले मातीचे ढिगारे चीनची मागणी वाढताच विकाऊ झाले. हेमॅटाइटसाठी ५५ टक्के लोहाची किमान मर्यादा होती. भारतीय खाण ब्युरोने ती २००९ मध्ये ४५ टक्क्यांवर आणली. डोंगर तोच, माती तीच. पण तिचे नाव आणि मोल बदलले. आज कवडीमोलाने दिलेला पट्टा उद्या कोट्यवधींचा ठरू शकतो, हे ज्याला कळते तो पट्टा पदरात पाडून घेतो. ज्याची जमीन त्याला ते कळत नाही.

दुसरा शब्द 'स्ट्रिपिंग रेशो', म्हणजे एक टन खनिजासाठी किती टन माती हलवावी लागते ते प्रमाण. गोव्यात टनाला सुमारे अडीच ते तीन टन माती, जांभा आणि खडक उपसावे लागतात. खर्चाच्या बाजूला या तीन टनांचे डिझेल, डंपर आणि मजुरी लिहिली जाते. ती माती पावसाळ्यात कोठे जाते, हे लिहिले जात नाही. ती ओहोळात जाते, ओहोळातून भातशेतीत आणि शेवटी नदीत उतरते. खाणीचा तळ भूजलपातळीच्या खाली गेला की पंप चोवीस तास चालवावे लागतात. गोव्यातील काही खाणींचे तळ तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले. पंपाची वीज कंपनीच्या खर्चात दिसते. कोरडी पडलेली विहीर कोणाच्याच हिशेबात दिसत नाही. डिचोलीतील शिरगाव आणि सत्तरीतील पिसुर्ले यांनी हा न लिहिलेला खर्च आपल्या विहिरींनी आणि शेतांनी भरला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत अधिक नुकसान करते. ती म्हणजे वर्तमान मूल्याचे गणित. उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून कमी मोलाचा, या तत्त्वावर भविष्यातील प्रत्येक रकमेला दरसाल वटाव लावतात. दर १२ टक्के धरला, तर २० वर्षांनंतरच्या रुपयाचे आजचे मोल सुमारे १० पैसे होते आणि ३० वर्षांनंतरच्या रुपयाचे साडेतीन पैशांहूनही कमी. खाण ३० वर्षांनी बंद करताना खड्डा भरणे, उतार स्थिर करणे, झाडे लावणे यांसाठी एक कोटी रुपये लागणार असतील, तर आजच्या कागदावर ते साडेतीन लाखांहूनही कमी दिसतात. भांडवल गुंतवणाऱ्याच्या दृष्टीने या गणितात चूक नाही. पण समाजाला तोच वटाव लावण्याचा अधिकार कोणी दिला? ३० वर्षांनी जन्मणाऱ्या मुलाची तहान साडेतीन पैशांची असत नाही. याच गणिताचा दुसरा परिणाम असा की लवकर आणि अधिक उपसणे हेच शहाणपण ठरते. जपून काढणारा मूर्ख ठरतो.

असे सांगितले जाईल की हा खासगी मालकीचा दोष आहे आणि राष्ट्रीयीकरण हाच त्यावर उपाय. राष्ट्रीयीकरणाची मागणी योग्य होतीच; पण चासनाळा विसरून चालणार नाही. धनबादजवळच्या या कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेले पाणी आत घुसले आणि ३७५ कामगार बुडाले. त्या कंपनीचे व्यवस्थापन १९७२ पासून सरकारच्या हाती होते. जुने पाणी आणि चालू काम यांच्यामध्ये कोळशाची जाड भिंत राखावी लागते. उत्पादनाच्या तक्त्यात ती भिंत म्हणजे न काढलेला कोळसा, वाया गेलेले टन. कामगाराच्या दृष्टीने तो त्याचा प्राण. मालक बदलला तरी तक्ता तोच राहिला, तर मृत्यूही तोच राहतो.

गोव्याचा अलीकडचा इतिहास हाच धडा वेगळ्या भाषेत सांगतो. पोर्तुगीज अमदानीतील खाण-परवाने १९८७ च्या कायद्याने पट्टे ठरले. २०१०-११ मध्ये या चिमुकल्या राज्यातून वर्षाला ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिला, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. पुढे सरकारने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. कायम निधीमागचे तत्त्व फार मोलाचे आहे. खनिज विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे. तो वडिलार्जित जमीन विकून आलेला पैसा आहे. त्यावर घरखर्च चालवणारे कुटुंब आणि तो महसूल म्हणून खर्च करणारे सरकार यांत फरक नाही.

मात्र या बंदीत एक बाजू दडून राहते. ट्रक कर्जाने घेतलेले, बार्जवर राबणारे, खाणीत मजुरी करणारे हजारो लोक एका आदेशाने रस्त्यावर आले. भरभराटीच्या वर्षांतील नफा ज्यांनी नेला त्यांना बंदीची झळ सोसता आली. कर्जाचे हप्ते मात्र ट्रकवाल्याच्या दारात उभे राहिले. खाण हवी म्हणणारा ट्रकवाला आणि खाण नको म्हणणारा शेतकरी एकमेकांसमोर उभे केले गेले. वस्तुतः दोघेही एकाच अपूर्ण हिशेबाचे बळी आहेत. खाण एक दिवस संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना, त्या दिवसासाठी कामगाराच्या नावे काहीच बाजूला ठेवले गेले नव्हते.

म्हणून नवा प्रकल्प गावात येईल तेव्हा 'हवा की नको' या घोषणेआधी काही साधे प्रश्न ग्रामसभेत विचारले जावेत. साठा किती छिद्रांवरून काढला? टनामागे माती किती आणि ती कोठे रचणार? तळ भूजलाच्या किती खाली जाणार? भाव एक तृतीयांशाने पडला तर खाण चालेल की कामगार कमी होतील? खड्डा बुजवण्याची अनामत किती? २००३ मध्ये मोठ्या खाणींसाठी ही हमी हेक्टरी अवघी २५,००० रुपये ठरली होती. ती पुढे वाढवली गेली. तरी खऱ्या खर्चाशी ती ताडून पाहणे हे गावाचे काम आहे. आणि शेवटचा प्रश्न : शेवटच्या पाळीनंतर कामगाराला काय मिळणार?

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मागावीत, लेखी मागावीत आणि कामगार संघटना व शेतकरी यांनी एकत्र बसून तपासावीत. अभियंत्याचे ज्ञान नाकारण्याचे कारण नाही. ते ज्ञान गावाच्या बाजूने वापरणारे तरुण अभियंते चळवळीने शोधले पाहिजेत. ताळेबंद मांडणारा एकच पक्ष असेल, तोवर तोटा दुसऱ्याच्याच खात्यावर लिहिला जाईल.