परदेशी विद्यापीठाचे प्रवेशद्वार आणि इंग्रजीची कसोटी



कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ कारखान्यांचे, तर बदलापूर मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांचे. येथील घराघरांतून मराठी, सिंधी, हिंदी बोलली जाते. इंग्रजी ही बहुतेकांना शाळेतच भेटलेली भाषा होय. अशा घरातील पदवीधर मुलगा वा मुलगी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करते, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर इंग्रजीच्या स्वतंत्र परीक्षेचा निकालही बहुधा मागितला जातो.

प्रवेशासाठी इंग्रजीची कसोटी ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. शेजारच्या कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या. त्यांच्या इंग्रजीचा पाया त्याआधी कित्येक वर्षे घरच्या अभ्यासात घातला गेला होता. तो एका महिन्यात घातला गेला नव्हता, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

आज प्रचलित असलेल्या परीक्षांपैकी ‘टोफेल’ १९६४ पासून, तर ‘आयईएलटीएस’ १९८९ पासून घेतली जाते. दुसऱ्या परीक्षेचे स्वरूप पाहू. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असून प्रत्येकास ९ पर्यंत श्रेणी मिळते. ऐकण्याच्या भागात ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. वाचनात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवावयाचे असतात. लेखनासही ६० मिनिटे. तीत आलेख वा तक्त्याचे किमान १५० शब्दांत वर्णन आणि किमान २५० शब्दांचा निबंध. संभाषण परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटे चालते. निकाल साधारणतः २ वर्षे ग्राह्य धरला जातो.

आता नेहमी होणारी चूक पाहा. समजा, एका विद्यार्थ्यास ऐकण्यात ६.५, वाचनात ७, लेखनात ५.५ आणि बोलण्यात ६ श्रेणी मिळाली. सरासरी ६.२५ येते व नियमानुसार ती ६.५ धरली जाते. घरात पेढे वाटले जातात. परंतु विद्यापीठाची अट ‘एकूण ६.५, आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको’ अशी असेल, तर लेखनातील अर्ध्या श्रेणीपायी प्रवेश अडतो. शुल्काचे हजारो रुपये पुन्हा भरावे लागतात. कित्येकदा प्रवेशाची मुदतही टळते. संगणकावरील परीक्षेत एकाच भागाची फेरपरीक्षा देण्याची सोय आता झाली आहे. मात्र ती प्रत्येक विद्यापीठास मान्य असतेच असे नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी इच्छित अभ्यासक्रमाची प्रत्येक भागाची अट वाचून घ्यावी.

मराठी वा सिंधी माध्यमातून शिकलेल्याने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. परदेशी उच्चारांची नक्कल केल्याने गुण वाढत नाहीत; बोलणे स्पष्ट व ओघवते असावे, एवढेच अपेक्षित असते. निबंधात मुद्दा मांडून त्यास कारण व उदाहरण द्यावे लागते. ही शिस्त मातृभाषेत अंगी बाणलेली असेल, तर ती इंग्रजीतही उपयोगी पडते. उणीव बहुधा सरावाची असते. व्याकरणाचे नियम पाठ असतात. पण इंग्रजी ऐकण्याची आणि बोलण्याची संधी मिळालेली नसते.

हा सराव घरबसल्या होऊ शकतो. रोज इंग्रजी बातम्या ऐकून त्यांचा सारांश चार ओळींत लिहावा. दोघा मित्रांनी एखाद्या विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटे बोलावे. सकाळी व सायंकाळी बदलापूर स्थानकावर होणाऱ्या गर्दीचा आलेख काढून त्याचे वर्णन लिहावे आणि शिक्षकांकडून तपासून घ्यावे. लोकलमधला रोजचा तासही ऐकण्यासाठी वापरता येतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून हे घडले, तर अखेरच्या महिन्यात महागड्या शिकवणीचा आधार शोधावा लागणार नाही.

ही परीक्षा बुद्धीचे मोजमाप करीत नाही. वर्गातील व्याख्यान समजेल काय आणि आपले म्हणणे मांडता येईल काय, एवढेच ती पाहते. अंबरनाथच्या कामगाराची मुलगी वा उल्हासनगरच्या दुकानदाराचा मुलगा विषयात पारंगत असूनही अर्ध्या श्रेणीमुळे मागे राहू नये. त्यासाठी घर, शाळा आणि महाविद्यालय या तिघांनी वेळीच हातभार लावणे, हाच यावरील खरा उपाय होय.